बर्फाचा वापसा : स्की पारखायला निघण्याआधीची तयारी

मार्चच्या मध्यावर गुलमर्गला जायचं, बायकांसाठी बनवलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरायला बुटांखाली अडकवायच्या लांब पट्ट्या, भाड्याने घेऊन आलटून पालटून चालवायच्या आणि आपल्याला कोणती मानवते ते ठरवायचं, असा बेत असेल तर सगळ्यात आधी एक छोटी वही आणि पेन्सिल बॅगेत टाका. बूट, गॉगल, जॅकेट त्यानंतर.

मागच्या वर्षी मी वहीशिवाय गेले होते. पहिली स्की सकाळी नऊला चालवली, तर दगडांवरून घसरत चालल्यासारखं वाटलं. दुसरी साडेअकराला पायात घातली आणि ती मनात येईल तशी वळली. हीच घ्यायची, असं मी जवळजवळ पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून उलट्या क्रमाने मिळाल्या, आणि माझी आवडही उलटली. दोन दिवस मी स्की नाही, बर्फच पारखत होते.

काळ्या रानात वाढलेल्या बाईला हे पटकन कळेल. पाऊस उघडल्यावर लगेच वावरात गेलं तर पाय रुततो, फार उशीर केला तर ढेकळं फुटत नाहीत, आणि मधे थोडा काळ वापसा असतो, म्हणजे माती कामाला नेमकी. मार्चमधला बर्फ हे चक्र एका दिवसात फिरवतो, तेही उलट्या बाजूने. रात्री गोठतो, म्हणून सकाळी ढेकळासारखा टणक. उन्हं चढली की वरचा थर सुटून भरड साखरेसारखा दाणेदार होतो, तो वापसा. दुपारी त्याचा रेंदा होतो आणि स्की अडकायला लागतात. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. उत्तरेचा उतार दिवसभर कडक राहू शकतो. म्हणून वहीत प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहायच्या : वेळ, उतार, बर्फ कसा होता, स्की कोणती आणि किती लांब. मग आवडली की नाही ते.

शरीराची तयारी निदान सहा आठवडे आधी सुरू करा. छत्रपती संभाजीनगरच्या मैत्रिणींना गोगाबाबा टेकडी आहे, देवगिरीच्या पायऱ्या आहेत. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, कारण स्कीवर मांड्यांना सतत शरीराचा भार अडवून धरावा लागतो आणि तो सराव उतरतानाच होतो. लातूर-परभणीच्या सपाटीवर असाल तर भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं मिनिट-मिनिट थांबायचं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, गुलमर्ग २,६५० मीटरच्या आसपास. रक्त कमी असेल तर तिथे पहिल्या फेरीलाच धाप लागेल. पोचल्याचा दिवस विश्रांतीला ठेवा आणि तहान नसली तरी पाणी प्या.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरहून सचखंड एक्स्प्रेस दिल्लीला नेते, तिथून श्रीनगरला विमान, पुढे गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. गोंडोलाची, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या रोपवेची, तिकिटं आधी ऑनलाइन काढा. गरम कपडे डिसेंबर-जानेवारीतच घेऊन ठेवा. मार्चमध्ये आपल्याकडे दुकानांत सुती कपडे लागलेले असतात आणि लोकरीचं काही मागितलं तर दुकानदार माळ्यावर चढतो.

तरी कपडे फार जाड नकोत. या दिवसांत सकाळी बोटं बधिर होतात आणि दुपारी घाम फुटतो, म्हणून पातळ थर एकावर एक. अंगालगत सुती काही नको, ते घामाने ओलं होतं आणि ओलंच राहतं. पायात एकच पातळ, लांब स्की-मोजा. दोन मोजे घातले की पाय आवळतो आणि जास्त गार पडतो. उन्हाला हलकं समजू नका. परभणीचं ऊन सोसलेल्या बाईला वाटतं, हे काय ऊन! पण दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० ते १२ टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. खालून येणारं ऊन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला भाजतं. तिथेही सनस्क्रीन लावा, आणि गॉगल क्षणभरही काढून ठेवू नका. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड आणि कागदी पिशवी आतल्या खिशात ठेवा, उतारावर मधेच स्वच्छतागृह नसतं. खिशात धपाटे आणि गूळ-शेंगदाणे.

आता बूट, आणि इथे घाई करू नका. स्की बदलत राहणार, बूट मात्र तोच राहिला पाहिजे. नाहीतर फरक स्कीचा की बुटाचा, हे कळणारच नाही. पाऊल घरीच सेंटीमीटरमध्ये मोजून न्या, स्की-बुटाचं माप तेच असतं. बूट घालून गुडघे पुढे वाकवल्यावर टाच उचलली जायला नको, आणि बोटं नुसती टेकायला हवीत. बायकांची पोटरी खालून सुरू होते, म्हणून बायकांच्या बुटाचा गळा आखूड असतो. पुरुषी बूट पोटरीत रुतत असेल तर पट्टे ढिले करत बसू नका, बूटच बदला. पहिला अख्खा तास यात गेला तरी जाऊ द्या. टाचेजवळ कोरलेला आकडा, म्हणजे तळव्याची मिलिमीटरमधली लांबी, वहीत उतरवून घ्या. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, त्यावर बसवतात.

बाइंडिंगची सुटण्याची जोर-मर्यादा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि चालवण्याची धाटणी यांवर ठरते. वजन खरं सांगा. माझ्यासोबतच्या एका ताईंचं वजन एका दुकानात नुसतं बघून ठरवलं आणि पडल्यावर त्यांची स्की सुटली नाही, गुडघा महिनाभर दुखला. पारखायच्या स्कीचं बाइंडिंग बहुधा रुळावर सरकतं, म्हणजे प्रत्येक जोडीला ते पुन्हा बसवलं जातं. तेव्हा प्रत्येक वेळी बाइंडिंगवरचा जोर-मर्यादेचा आकडा स्वतः वाचा.

स्की निवडताना लांबी हनुवटी ते नाक यांच्यामध्ये धरा, हात बसलेला असेल तर कपाळापर्यंत. बुटाखालची रुंदी, म्हणजे स्कीची कंबर, ८० मिलिमीटरच्या आसपास असेल तर सकाळच्या कडक बर्फावर स्कीची धातूची कड लवकर धरते. ९५-१०० ची दुपारच्या रेंद्यावर तरंगते, पण टणक उतारावर एका कडेवरून दुसरीवर जायला आळस करते. मला ८८ च्या आसपासची दोन्हीकडे चालते. दोन टोकांची एकेक आणि मधली एक, अशा तीन पुरेत. बायकांच्या स्की बहुतेक वेळा हलक्या आणि जरा लवचिक असतात, पण तुमच्या पायात ताकद असेल तर कडक स्की निःसंकोच मागा. दोन गोष्टी दुकानातच विचारा : कडांना धार कधी लावली, आणि तळाला लावलेला वॅक्स, म्हणजे मेण, कमी थंड, ओल्या बर्फासाठीचा आहे का. बोथट कडेने चांगली स्कीही सकाळी वाईट वाटते. थंडीतला वॅक्स असेल तर ओला बर्फ तळाला जळूसारखा धरतो.

उतारावर आधी एक फेरी अंग मोकळं करायला, ती मोजायची नाही. मग त्याच उतारावर प्रत्येक स्कीच्या दोन फेऱ्या : लहान वळणं, लांब वळणं, आडवं घसरणं, आणि जोरात थांबणं. खाली येताच, चहा घेण्याआधी, वहीत लिहा. मैत्रीण काय म्हणाली ते नंतर ऐका. बर्फात घोट्यापर्यंत पाय जायला लागला की त्या दिवसाचं पारखणं संपलं. ओल्या बर्फाचे थर तीव्र उतारावरून सुटतात, म्हणून आखलेल्या उतारांच्या बाहेर तर जाऊच नका. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा : काल शेवटी घेतली ती सकाळी पहिली. तिसऱ्या दिवसासाठी फक्त दोन ठेवा आणि अकराच्या सुमारास, वापसा असताना, दोन्ही एकामागून एक चालवा.