ब्रह्मकमळ बघायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुंडीतल्या फुलाला ब्रह्मकमळ समजणं. पावसाळ्यात रात्री बारा वाजता फोटो येतात, 'आमच्याकडे ब्रह्मकमळ फुललं', आणि ते असतं मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग, रात्री उमलतं नि सकाळी मान टाकतं. सुंदर आहे, वाद नाही. पण खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात साधारण ३७०० मीटरच्या वर खडकांत, ओल्या उतारांवर येणारं, उत्तराखंडचं राज्यफूल. त्यामुळे रोप कुठे मिळेल हे कृपया विचारू नका, आपल्या गॅलरीत ते जगणार नाही.

जूनमध्ये जाऊ नका. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जा.

आता घाई. लोक उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) दिवसभर शोधतात आणि नाही दिसलं म्हणून चिडतात. अहो, पायवाट जाते तो भाग त्याच्यासाठी खालीच पडतो, शेजारच्या हेमकुंडला, म्हणजे उंचावरच्या तळ्याकाठच्या गुरुद्वाऱ्याला, चढावं लागतं. आमच्यातल्या दोघांनी सुट्टी वाचवायला घाटीच गाळली, संध्याकाळी घांघरियाला, म्हणजे खालच्या मुक्कामाच्या गावी पोचले, पहाटे घोड्यावर बसून थेट हेमकुंड, म्हणजे सहाएक किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या वर चढ. वर पोचेपर्यंत एकाचं डोकं फुटायला आलं, उलट्या सुरू, दुसरा त्याला धरून लगेच खाली घेऊन आला. फुलं वाटेच्या वरच्या उतारावर होती, दोघांनीही मान वर केली नाही. उंचीची सवय व्हावी म्हणून मी पहिला दिवस घांघरियाला काढते, दुसरा घाटीत, तिसऱ्या दिवशी पहाटे पायी हेमकुंड, आणि दुपारी उतरायला लागते कारण वर मुक्काम करता येत नाही. एक दिवस जास्त लागतो, लागू दे.

फोटोत सगळे बाहेरचा पिवळट-हिरवा कागदासारखा द्रोणच काढतात. त्या पाकळ्या नाहीत, पानंच आहेत, आतल्या फुलांना थंडी-पावसापासून जपणारी. खरी फुलं आत, जांभळी, गच्च बसलेली. मी वरून तिरका कॅमेरा धरते आणि पानं बोटांनी फाकवत नाही, थोडं उघडलेलं दुसरं फूल शोधते.

आणि तोडू नका. तिथल्या गावांची नंदादेवीला वाहायची रीत आहे, ती त्यांची. आपण तोडलं की त्या फुलाचं बी धरायचं राहतं. एका बाईंनी देवघरासाठी म्हणून दोन घेतली होती, घांघरियाला पिशवी उघडली तर पानं काळी पडून चिकटलेली.