बर्टविसल आडनावाचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

बर्टविसल (Birtwistle) हे इंग्रजी आडनाव ऐकलं की बरेच जण लगेच म्हणतात, अच्छा, बर्ड आणि व्हिसल, म्हणजे पूर्वज शीळ घालून पक्षी पकडत असणार. इथंच पहिली चूक होते आणि पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो. अहो, हे गावावरून पडलेलं आडनाव आहे, आपल्या चिपळूणकर-सातारकरांसारखं. उत्तर इंग्लंडात लँकेशायरमधे पॅडिहॅमजवळ या नावाची वस्ती होती, आज ती उरलेली नाही. जुन्या इंग्रजीत ब्रिड म्हणजे पक्ष्याचं पिल्लू आणि ट्विसला म्हणजे नदीला फाटा फुटतो ती जागा, तेव्हा पक्षी खरा आहे पण शीळ मागाहून चिकटली. एन्टविसल, ऑझवल्डट्विसल ही त्याच धाटणीची गावं लँकेशायरमधे अजून आहेत.

स्पेलिंगवर अडून बसू नका, प्लीज. लिहिता न येणारी माणसं नाव तोंडी सांगायची आणि चर्चमधला पाद्री ऐकू येईल तसं लिहायचा, त्यामुळे बर्टव्हिसल, बर्टविस्ल, बर्डव्हिसल असं काहीही सापडतं. देहबोलीचा अभ्यास करणारे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रे बर्डव्हिसल यांचं आडनाव याचंच एक रूप. सर्च करताना मधल्या अक्षरांच्या जागी स्टार (*) टाका, खूप फरक पडतो.

आडनावाचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) म्हणून कॉफीचे मग आणि फ्रेम विकतात ते घेऊ नका, इंग्लंडात असं चिन्ह एका माणसाला मिळतं आणि वारसांकडे जातं, आडनावाला मिळत नाही.

थेट मध्ययुगात उडी मारायची घाईही नको. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी जुलै 1837 पासून आहे, तिथून एकेक पिढी मागे जा, त्याआधी चर्चची रजिस्टरं (बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी), ती 1538 पासून ठेवायचा हुकूम निघाला होता पण सगळीकडे तितकी जुनी टिकलेली नाहीत. लँकेशायरची पुष्कळशी रजिस्टरं ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स या स्वयंसेवकांच्या साइटवर फुकट बघता येतात.

आता सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी गोष्ट, तारखा. समजा आईवडलांचं लग्न जून 1720 ला आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1720 ला दिसतोय. लोक म्हणतात बाळ लग्नाआधीचं, नाहीतर हे कुटुंबच वेगळं, आणि बरोबर असलेली नोंद चक्क सोडून देतात! पण तेव्हा इंग्लंडात नवीन वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे तो फेब्रुवारी जूनच्या आधीचा नाही तर नंतरचा, आपल्या हिशोबानं 1721 चा. 1 जानेवारीपासून वर्ष धरायला लागले ते 1752 पासून, तेव्हा त्याआधीची जानेवारी ते 24 मार्च मधली कुठलीही तारीख वहीत उतरवताना 1720/21 अशी दोन्ही वर्षं लिहा.