बेसमेंटमधली निळी टाकी

न्यू जर्सीत एडिसनचं अपार्टमेंट सोडून हंटरडन काउंटीत घर घेताय, छान. अंगण मिळेल, हरणं मिळतील, पण नगरपालिकेचं पाणी बहुधा सुटेल. इकडे पुष्कळ घरांना स्वतःची बोअर असते. पंप खाली बोअरमध्ये आणि बेसमेंटच्या कोपऱ्यात एक उभी टाकी, बऱ्याचदा निळी. आपल्या डोक्यात टाकी म्हणजे गच्चीवरची काळी, पाणी आलं की भरायची आणि दिवसभर पुरवायची. ही प्रेशर टँक, तसली नाही. हे कळायला मला दोन वर्षं आणि एक जळलेला पंप लागला.

आंघोळ करताना खालून टक् असा आवाज यायचा, मग पुन्हा टक्. जुनं घर, असेल काहीतरी, म्हणून सोडून दिलं. एकदा सहज खाली उभा राहून मोजलं, तर दर अकरा सेकंदांनी पाण्याच्या दाबावर पंप सुरू-बंद करणारा प्रेशर स्विच पडत होता. टाकीच्या डोक्यावर गाडीच्या टायरसारखा वॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबली, तर हवेऐवजी चेहऱ्यावर पाणी उडालं. आतला रबरी फुगा फाटला होता. शाबूत टाकीत फुग्यात पाणी असतं, बाहेर कोंडलेली हवा, आणि नळ उघडला की ती हवाच पाणी ढकलते. तेवढा वेळ पंपाला विश्रांती. मोटार चालण्यापेक्षा सारखी सुरू-बंद होण्यानं जास्त लवकर मरते. टाकी पाणी साठवायला नसून पंपाला दम घेऊ द्यायला आहे, एवढं ध्यानात ठेवून खरेदीला जा.

दुकानात ४४ गॅलन लिहिलेलं दिसेल, त्याला भुलू नका. स्विच ४०/६० वर असेल, म्हणजे दाब ४० पीएसआयवर (टायरच्या हवेचं तेच माप) उतरला की पंप सुरू आणि ६० ला बंद, तर ४४ गॅलनच्या टाकीतून मधल्या काळात मिळतं जेमतेम ११ गॅलन. बाकीची जागा हवेची. या आकड्याला ड्रॉडाउन म्हणतात, तो विचारून घ्या. पंप एकदा सुरू झाला की निदान एक मिनिट चालला पाहिजे. मिनिटाला १० गॅलन देणारा पंप असेल तर ड्रॉडाउन किमान १० गॅलन हवा, म्हणजे ४४ ची टाकी बरोबर बसते. दीड हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या मोटारीला दोन मिनिटं धरा. मला आधी २० गॅलनची स्वस्तातली टाकी बसवून दिली होती. ती देते पाचेक गॅलन, पंपाला जेमतेम अर्धा मिनिट. पैशांचं जमत असेल तर एक माप मोठी घ्या, त्यात तोटा नाही. भिंतीवर पंपाचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्हचा डबा असेल तर मात्र चार-पाच गॅलनची टाकीही चालते. ती बघून घाबरू नका.

हवा स्वतः तपासा. पंपाचा ब्रेकर बंद करा, खालच्या नळानं टाकी पूर्ण रिकामी करा, मग टायरचा गेज लावा. पंप सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा २ पीएसआय कमी, म्हणजे ४०/६० ला ३८. पाणी असताना मोजलं तर आकडा खोटा येतो. कारखान्यातून भरून आलेली हवा तुमच्या स्विचला जुळेलच असं नाही. हे वर्षातून एकदा.

आता मोठी टाकी घेतली म्हणजे वीज गेल्यावर पाणी पुरेल, असंही समजू नका. २९ ऑक्टोबर २०१२, सँडी वादळ आलं तेव्हा कोजागरी होती. चंद्र दिसला नाहीच, आणि वीज गेल्यावर पंपही गेला. टाकीत उरलेले ११ गॅलन म्हणजे १.६ गॅलनचे सहा-सात फ्लश. घरात पाहुण्यांसकट नऊ माणसं. वादळाचा इशारा आला की आधी बाथटब भरा आणि शेजारी बादली-तांब्या ठेवा.

पाण्याची तपासणी या राज्यात घरविक्रीच्या वेळी कायद्यानं करावीच लागते. तो कागद मागून घ्या, आर्सेनिकचा आकडा नीट वाचा.

आणि घर बघायला जाल तेव्हा एजंट वर ग्रॅनाइट दाखवत असताना तुम्ही खाली उतरा. टाकीवर बोटानं टकटक करा. वर पोकळ आणि खाली भरीव वाजली तर ठीक. वरपासून खालपर्यंत भरीव वाजली तर फुगा गेलेला. मग नळ सोडून पंप सुरू होऊ द्या, नळ बंद करा आणि पंप थांबेपर्यंत मोबाइलवर वेळ लावा. मिनिटाच्या आत थांबला, तर टाकीची किंमत घराच्या किमतीतून कमी करून मागा.