बुशवेल्ड स्वतःच्या गाडीने: लिंपोपोच्या उत्तरेची वाट

भारतातून दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान बघायला येणारे बहुतेक जण त्याच्या दक्षिण भागातल्या स्कुकुझा आणि लोअर साबी या कॅम्पांच्या आसपास फिरून परततात. तिथे प्राणी भरपूर आहेत, पण गाड्याही तितक्याच. आमच्याकडे प्रिटोरियाला कुणी नातेवाईक उतरले की मी त्यांना उत्तरेला पाठवते, आणि जमेल तेव्हा स्वतःच गाडी काढते. आधी मराकेले उद्यान, मग लेटाबापासून पाफुरीपर्यंतचं उत्तरेचं क्रूगर, शेवटी मापुंगुब्वे हे जुन्या राज्याचं ठिकाण. ही सगळी लिंपोपो प्रांतातली वाट. नऊ-दहा दिवस तरी हवेत. त्याहून कमी असतील तर मापुंगुब्वे सोडा, पण एका जागी एकच रात्र असं कोंबून कार्यक्रम आखू नका. बुशवेल्ड, म्हणजे इथलं झुडपी रान, थांबणाऱ्याला दिसतं.

माझं माहेर चंद्रपूर. ताडोब्यात जिप्सी, सोबत गाइड आणि ठरलेली वेळ, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. क्रूगरमध्ये साधी भाड्याची गाडी घेऊन आपणच आत शिरायचं असतं. बघायचं कुठे आणि थांबायचं किती, हे शेजारी बसून कुणी सांगत नाही. मला हे स्वातंत्र्य फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच तयारी नीट करावी असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

यायचं ते मे ते सप्टेंबरमध्ये. हा इथला कोरडा हिवाळा. गवत बसतं, झाडांची पानं गळतात, लहानसहान डबकी आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्याकडे येतात. पहाटे कडाक्याची थंडी असते. मराकेलेत पारा शून्याजवळ जातो, म्हणून स्वेटर, कानटोपी, हातमोजे घ्याच. जूनअखेर आणि जुलैत इथल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे उद्यानांतले मुक्कामाचे कॅम्प लवकर भरतात. बुकिंग सॅनपार्क्सच्या, म्हणजे इथली राष्ट्रीय उद्यानं चालवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर जवळजवळ वर्षभर आधी खुलं होतं. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा: पक्षी अप्रतिम, इंपाला हरणांची पिल्लं सगळीकडे, पण गवत उंच, आणि नद्यांना पूर आला की रस्ते बंद होतात.

व्हिसा आधी काढावा लागतो. मुंबईहून येताना नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलणार असाल आणि मधला थांबा लांबणार असेल, तर पीतज्वराच्या लशीचा नियम तिकीट काढण्यापूर्वीच तपासा. क्रूगर आणि मापुंगुब्वे हा मलेरियाचा भाग आहे. हिवाळ्यात धोका कमी असतो, तरी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचाराच. मराकेले मलेरियामुक्त आहे, त्यामुळे तान्हं मूल सोबत असेल तर तेवढंच करून परतायलाही हरकत नाही.

गाडी डाव्या बाजूनेच चालते, म्हणून आपल्याला जड जात नाही. छोटी सेडान चालते, पण थोडी उंच गाडी मिळाली तर गवतापलीकडचं दिसतं, आणि आईवडिलांना चढउतार सोपी पडते. जोहान्सबर्गहून उत्तरेला जाणाऱ्या एन-वन महामार्गावर टोलनाके आहेत. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. आतल्या रस्त्यांवर गुरं असतात, कुडू हे मोठं हरिण एकदम उडी मारून समोर येतं.

सुरुवात मराकेलेपासून करा. प्रिटोरियाहून तीनेक तासांवर, थाबाझिंबी गावाजवळ, वॉटरबर्ग डोंगररांगेत हे राष्ट्रीय उद्यान आहे. इथे सिंहाची आस धरून येऊ नका. इथे यायचं ते गिधाडांसाठी. लेनोंगचा अरुंद घाटरस्ता दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर जातो, आणि वरच्या कड्यांवर केप गिधाडांची जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे, सुमारे ८०० जोड्यांची. वर उजाडता उजाडता जाऊन उपयोग नाही. ऊन चढून कडे तापले, हवा वर उठू लागली की गिधाडं पंख पसरतात. म्हणून नऊच्या सुमारास पोचा. समोरून गाडी आली तर कुणी तरी मागे घ्यावी लागते, तेव्हा घाटात सराईत असलेल्यानेच स्टिअरिंग धरावं. वर उभं राहिलं की गिधाडं आपल्या पायांखालून जातात, पाठीची पिसं मोजावीत इतक्या जवळून. माझ्या लहानपणी आमच्याकडे मेलेल्या गुरांवर गिधाडांचे थवे उतरत. मग गुरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आलं, ते गिधाडांना विषारी ठरलं आणि आकाश रिकामं झालं. भारताने ते औषध जनावरांसाठी २००६ साली बंद केलं, पण पक्षी परत यायला फार वेळ लागतो. मराकेलेत आईने दुर्बीण बराच वेळ खाली ठेवली नाही.

तिथून क्रूगरचं फालाबोर्वा गेट एका दिवसात गाठता येतं, पण तसं करू नका. वाटेत मोदिमोले आणि मूखोपोंगच्या मध्ये नाइल्सव्लेची पाणथळ आहे. १९९८ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, असलेली ही जागा पाऊस चांगला झालेल्या वर्षी करकोचे-बगळ्यांनी भरून जाते. कोरड्या हिवाळ्यात मात्र सरळ पुढे निघा. मुक्काम त्झानीनला, डोंगरातल्या चहामळ्यांच्या भागात. दुसऱ्या सकाळी क्रूगरमध्ये शिरा.

आता बघायचं कसं, ते सांगते. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० आहे, पण दिसायला हवं असेल तर २०-२५ च्या वर जाऊ नका. थांबे धरून १०० किलोमीटरला चार-पाच तास लागतात, त्या हिशेबानेच दिवस आखा. कॅम्पला कुंपण असतं; त्याचं दार हिवाळ्यात सकाळी सहाला उघडतं आणि महिन्याप्रमाणे संध्याकाळी साडेपाच किंवा सहाला बंद होतं. उशीर झाला तर दंड बसतो. दार उघडताना पहिल्या गाड्यांत असा. रात्रभर फिरलेले सिंह, तरस आणि बिबटे तेव्हा अजून रस्त्यावरच असतात, कारण चालायला त्यांनाही रस्ता सोयीचा.

झुडपाकडे बघू नका, झुडपातून पलीकडे बघा. झाडं उभी वाढतात, जनावराची पाठ आडवी असते, म्हणून डोळ्यांनी आडवी रेघ शोधायची. एक कान हलला, शेपटी हलली, की तिथेच थांबायचं. जिराफ सगळे एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर त्या दिशेला काहीतरी आहे. इंपाला फुरफुरला, कुडू भुंकल्यासारखा ओरडला, की इंजिन बंद करा आणि ऐका. ताडोब्यात आपण चितळ-सांबराचा कॉल ऐकतो, तीच विद्या इथे चालते. पाणवठ्यावर गेलात तर किमान तासभर बसा. पहिली वीस मिनिटं काही घडत नाही, आणि तेवढ्यातच बहुतेक गाड्या निघून जातात. मग वॉर्टहॉग, म्हणजे इथली रानडुकरं, येतात, त्यांच्या मागे झेब्रे, आणि ते धीट झाले की इतर.

गाडीतून उतरायचं नाही, खिडकीबाहेर धड काढायचं नाही. उतरायच्या जागांवर तशी पाटी असते.

हत्तींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण लेटाबा ते शिंगवेद्झी हा हत्तींचाच प्रदेश. कळप रस्ता ओलांडत असेल तर पन्नास मीटर तरी मागे थांबा, इंजिन चालू ठेवा, आणि मागे जायची वाट मोकळी आहे ना ते बघा. मागची गाडी चिकटून उभी राहत असेल तर हाताने खुणावून तिला मागे घ्यायला लावा. आई आणि पिलू यांच्या मध्ये गाडी कधीही घालू नका. एकट्या नराच्या गालावर डोळ्यामागून ओघळ दिसला आणि मागचे पाय लघवीने ओले असतील, तर तो माजावर आहे. त्याला रस्ता देऊन टाका. लेटाबा कॅम्पमधलं एलिफंट हॉल हे छोटं संग्रहालय चुकवू नका. क्रूगरच्या नामांकित सुळेवाल्या नरांचे सुळे तिथे आहेत. शावू नावाच्या हत्तीचा एक सुळा ३१७ सेंटिमीटर लांब आहे. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर बाहेरच्या हत्तीकडे बघायची नजर बदलते.

लेटाबाच्या पुढे रस्ता मकरवृत्त ओलांडतो आणि मोपानीचं रान सुरू होतं. मोपानीचं पान दोन दलांचं, दसऱ्याला वाटतो त्या आपट्याच्या पानासारखं. मैलोन्‌मैल तेच झाड, त्यामुळे लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटत. मोपानी कॅम्पमधून पायोनियर धरण दिसतं, तिथे संध्याकाळ घालवा. शिंगवेद्झीहून नदीकाठचा कानीडूडचा मातीचा रस्ता पहाटे धरा; उत्तरेतला माझा सर्वांत लाडका रस्ता हाच. झाडं ओळखत चला: काठावरचे मोठे उंबर आपल्या उंबराच्याच कुळातले, आणि बफेलो थॉर्न ही बोरीची सख्खी बहीण. आईने ती एक सरळ आणि एक वाकडा अशा काट्यांच्या जोडीवरून गाडीतूनच ओळखली.

पुंडा मारिया कॅम्पमध्ये दोन रात्री ठेवा. आवारातच लपून प्राणी बघायचं लपणगृह आहे, समोरच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. जेवण उरकून तिथे शाल पांघरून बसा. मधल्या दिवशी पाफुरीला जा. लुवुवू नदीच्या पुलावर पाटी बघून उतरता येतं. पक्षी बघणारे तिथे तासन्‌तास काढतात. पुढे पिवळ्या-हिरव्या सालीची फीव्हर ट्री, आणि टेकड्यांवर बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच. हिवाळ्यात तिला पान नसतं, त्यामुळे हत्तींनी सोललेली साल स्पष्ट दिसते. क्रुक्स कॉर्नरला लुवुवू लिंपोपोला मिळते आणि दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, झिंबाब्वे एकत्र येतात. मगरी आणि पाणघोडे आहेत, काठाजवळ जाऊ नका.

खाण्याचं आधीच बघा. उत्तरेच्या कॅम्पांतल्या दुकानांत शाकाहारी माणसाला फारसं मिळत नाही. प्रिटोरियाच्या लॉडियममध्ये किंवा जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्गमध्ये डाळ, पोहे, मसाले, सगळं मिळतं. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत चांगल्या टिकतात. सोबत चटणी, चिवडा आणि थर्मासमध्ये चहा. कॅम्पमध्ये सामायिक स्वयंपाकघर असतं, खिचडी सहज होते. बबून आणि माकडं यांच्यासमोर डबा उघडू नका. एकदा खायला मिळालं की ती धीट होतात, आणि धीट झालेल्या बबूनला शेवटी मारावं लागतं.

गेंडा दिसला तर त्याचा फोटो जागेच्या नावासकट कुठेही टाकू नका, कुठे काय दिसलं ते नोंदवायच्या कॅम्पच्या फळ्यावरही जागा लिहू नका, फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. शिंग कापलेले गेंडे दिसतील. शिकाऱ्यांपासून जीव वाचावा म्हणून ती कापलेली असतात. हा नियम मी पाहुण्यांना निघण्याआधीच घरी सांगते.

पाफुरी गेटने बाहेर पडून त्शिपिसेमार्गे मुसिना, तिथून पश्चिमेला तासाभरात मापुंगुब्वे. लिंपोपो आणि शाशे यांचा संगम उंचावरच्या सज्ज्यातून दिसतो, पलीकडे बोट्स्वाना आणि झिंबाब्वे. तेराव्या शतकात इथे मोठं राज्य होतं, हिंदी महासागरापार व्यापार करणारं. त्यांच्या कबरींत सोन्यासोबत भारताकडून आलेले काचमणीही सापडले. २००३ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. टेकडीवर एकट्याने जाता येत नाही, वाटाड्याबरोबरची फेरी स्वागतकक्षात आदल्या दिवशी नोंदवा आणि सकाळची घ्या. त्याच कबरींत सापडलेला प्रसिद्ध सोन्याचा गेंडा इथे ठेवलेला नाही, तो प्रिटोरियात विद्यापीठाकडे आहे.

परतताना ऑलडेजवरून पोलोक्वानेचा रस्ता धरा, एन-वनपेक्षा रहदारी कमी. विमानतळ पाचशे किलोमीटरहून लांब आहे, तेव्हा त्याच दिवशीचं विमान घेऊ नका. पोलोक्वानेला रात्र काढा आणि टाकी मुसिनातच भरून घ्या.