रिसेप्टरवरचे शोधनिबंध कसे वाचावेत: न्यूरोफार्माकोलॉजीत येणाऱ्यांसाठी

न्यूरोफार्माकोलॉजीत, म्हणजे मज्जासंस्थेवरील औषधांच्या अभ्यासात, संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी बहुतेक वेळा आधी चांगले पाठ्यपुस्तक कोणते, असे विचारतात. पाठ्यपुस्तक हाताशी असावेच. पण त्यासोबत एखाद्या प्रयोगशाळेचे काही वर्षांचे शोधनिबंध सालवार लावून वाचावेत, असे मी सुचवतो. मी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॉलोमन स्नायडर यांच्या गटाचे १९७०च्या दशकातले काम असे वाचले आणि रिसेप्टर, म्हणजे पेशीवर औषध जिथे जाऊन बसते ती जागा, ही केवळ कल्पना न राहता मोजता येणारी गोष्ट कशी झाली, हे मला तिथे उमगले.

१९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि स्नायडर यांनी मेंदूच्या ऊतीत ओपिऑइड (मॉर्फिनसारख्या औषधांचे) रिसेप्टर असल्याचे दाखवले. त्याच वर्षी उप्साला येथे लार्स टेरेनियस आणि न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन यांचे गटही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. मूळ अडचण अशी होती, की किरणोत्सारी औषध ऊतीला, एवढेच नव्हे तर काचेलाही, कुठेही चिकटते आणि त्या गर्दीत रिसेप्टरशी झालेले मोजके बंधन हरवून जाते. पर्ट आणि स्नायडर यांनी अतिशय किरणोत्सारी नॅलॉक्सोन (मॉर्फिनविरोधी औषध) अत्यल्प मात्रेत वापरले आणि ऊती झटपट गाळून धुतली. लेव्हॉर्फनॉल या वेदनाशामक ओपिऑइडने ते बंधन सहज हटवले. त्याचेच आरशातील प्रतिरूप असलेल्या, पण वेदनाशामक नसलेल्या डेक्स्ट्रॉर्फनला मात्र त्यासाठी हजारो पट अधिक मात्रा लागली. म्हणून निबंधातील सारांश नंतर वाचावा. आधी अविशिष्ट बंधन (रिसेप्टर सोडून इतरत्र चिकटणे) कसे वजा केले आहे आणि निष्क्रिय प्रतिरूपाचा ताळा घेतला आहे का, ते पाहावे.

औषध रिसेप्टरला घट्ट बसते म्हणजे ते परिणामही घडवते, असा समज नवोदितांच्या मनात खोलवर रुतलेला असतो. नॅलॉक्सोन उत्तम बसते, पण स्वतः मॉर्फिनसारखे काहीच करत नाही. उलट मॉर्फिनचा परिणाम थांबवते. पुढे याच गटाने दाखवले, की द्रावणात सोडियम असल्यास अँटॅगोनिस्टचे (रिसेप्टरला बसून परिणाम अडवणाऱ्या औषधाचे) बंधन वाढते आणि अॅगोनिस्टचे (बसून परिणाम घडवणाऱ्या औषधाचे) घटते. ज्या निबंधात बफरमधील (प्रयोगाच्या द्रावणातील) क्षार स्पष्ट नोंदवलेले नाहीत, त्यातील आकड्यांवर मी तरी फारसा विसंबत नाही.

माझ्या मते सर्वांत शिकवणारे प्रकरण मात्र डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे आहे. डोपामिनमुळे सक्रिय होणाऱ्या अॅडेनिलेट सायक्लेज या पेशीतील विकराला मनोविकारावरील औषधे किती अडवतात, हे मोजले तर रुग्णांवर अल्प मात्रेत प्रभावी ठरणारे हॅलोपेरिडॉल दुबळे दिसे. १९७६ मध्ये टोरोंटोतील फिलिप सीमन यांच्या गटाने आणि स्नायडर यांच्या गटातील क्रीझ व बर्ट यांनी हॅलोपेरिडॉलच्या बंधनावरून हा हिशेब मांडला, तेव्हा औषधाची रिसेप्टरविषयीची ओढ आणि उपचारातील मात्रा यांचा मेळ बसला. ही विसंगती मोजमापाच्या ढिसाळपणातून आलेली नव्हती. दोन पद्धती दोन निरनिराळे रिसेप्टर पाहत होत्या, ज्यांना १९७९ मध्ये केबेबियन आणि काल्ने यांनी डी१ आणि डी२ अशी नावे दिली. दोन निबंधांचे आकडे जुळेनासे झाले, की आधी त्यांतील ऊती, लिगँड (रिसेप्टरला बसणारा रेणू) आणि पद्धत तपासण्याची सवय मला याच वाचनातून लागली.

आयसी५० (लिगँडचे निम्मे बंधन हटवणारी औषधाची मात्रा) आणि केआय (औषधाची रिसेप्टरविषयीची ओढ सांगणारा आकडा) यांतला फरकही सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा. पहिला आकडा किरणोत्सारी लिगँडच्या मात्रेनुसार बदलतो, दुसरा तो परिणाम वजा करून काढतात. चेंग आणि प्रुसॉफ यांचे १९७३चे समीकरण त्यासाठीच आहे, आणि तेही समतोल साधलेला असला व औषध-लिगँड एकाच जागेसाठी स्पर्धा करत असले, तरच लागू पडते.

प्रयोगशाळा निवडताना तिथे केवळ बंधन मोजतात की त्यानंतरचा पेशीतील प्रतिसादही मोजतात, हे मुलाखतीतच विचारावे, कारण अॅगोनिस्ट, आंशिक अॅगोनिस्ट आणि अँटॅगोनिस्ट यांतला भेद बंधनाच्या एकट्या आलेखावरून सहसा सांगता येत नाही आणि औषधाविषयीचे बहुतेक वाद त्याच भेदावर येऊन अडतात.