फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज: फाइल समोर आली तर ठरवायचं कसं

महाराष्ट्रात फाशी द्यायची सोय दोनच जेलात आहे, येरवडा आणि आपलं वर्धा रोडवरचं सेंट्रल जेल, त्यामुळे नागपुरात हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. आणि निघाला की दोनच बाजू, एक म्हणते लटकवा, दुसरी म्हणते फाशीच नको. पण दयेचा अर्ज एका माणसाचा असतो, त्याची एक फाइल असते, आणि ती फाइल वाचूनच ठरवावं लागते. लॉ करणारी पोरं, लीगल एडचं काम पाहणारे, किंवा नुसतं मत द्यायचं असेल तरी, ती कशी वाचायची ते सांगतो.

पहिले हे पक्कं करून घ्या की दया म्हणजे सुटका नव्हे. लोकांना वाटते अर्ज मंजूर झाला की माणूस उद्या सीताबर्डीवर फिरून राहिला. तसं नसते, बहुतेक वेळा फाशीची जन्मठेप होते आणि ती मरेपर्यंतचीही असू शकते. म्हणजे तुमच्यासमोरचा प्रश्न एवढाच आहे की याला मारलंच पाहिजे का.

दुसरं, "सुप्रीम कोर्टानं सांगितलं ना, मग काहून पुन्हा?" असं म्हणू नका. १९८८ च्या केहर सिंग केसमध्ये त्याच कोर्टानं म्हटलं आहे की राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून वेगळ्या मताला येऊ शकतात, त्यानं कोर्टाचा निकाल बदलत नाही. अधिकार राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींचा आणि १६१ खाली राज्यपालांचा, पण दोघंही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, म्हणून खरं वजन गृहखात्यात तयार होणाऱ्या नोटचं असते आणि ती नोट लिहिणाऱ्यानं फक्त शेवटचा निकाल वाचून भागत नाही.

सेशन्स कोर्टापासून सगळे निकाल क्रमानं वाचा, पेन्सिल घेऊन. कुठं जजांचं एकमत नव्हतं, कुठं सेशन्सनं सोडलं आणि हायकोर्टानं शिक्षा दिली, कुठं कोर्टानंच साक्षीदारावर शंका घेतली पण तरी निकाल दिला, टोळीचा गुन्हा असेल तर नेमकं कोणी काय केलं, तिथं तिथं खूण करा. हे माझ्या मनचं नाही, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या निकषांतच या गोष्टी आहेत. ही खूण किती महत्त्वाची ते आपल्याच राज्यात दिसलं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली, आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं, वर प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. मधल्या काळात फाशी झाली असती तर ते पाच लाख कोणाला देणार होते?

मग वय. शाळेचा दाखला मागवा, मूळ रजिस्टरमधला, आरोपपत्रातला आकडा धरून बसू नका. पुण्यातल्या १९९४ च्या सात खुनांच्या केसमधला एक जण आपल्या नागपूर जेलात फाशीचा कैदी म्हणून होता, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षं आत गेली होती त्याची. इतकी कोर्टं झाली आणि एक शाळेचं रजिस्टर राहून गेलं, याचा मला अजून राग येतो.

नंतर एका कागदावर फक्त तारखा लिहा, अर्ज कधी आला, कोणत्या टेबलावर किती दिवस पडला. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, बहुतेकांची अर्जाला झालेल्या उशिरामुळे, काहींची मानसिक आजारामुळे. एकट्या कोठडीत ठेवणं बेकायदा आहे हेही तिथंच पुन्हा सांगितलं. म्हणून जेलच्या डॉक्टरचा दोन ओळींचा "फिट" शेरा पुरेसा मानू नका, मानसोपचारतज्ज्ञाचा नीट रिपोर्ट मागवा.

आता सगळ्यात जड भाग, माणूस स्वतः. घर कसं होतं, लहानपणी काय भोगलं, जेलात वागणूक कशी, शिकला का, सुधारण्याची काही शक्यता दिसते का. २०२२ च्या मनोज केसनंतर ही माहिती कोर्टानं फाशी ठरवण्याआधीच गोळा करायची असते, पण जुन्या केसेसमध्ये ती घेतलेलीच नाही. आपल्याच शहरातली २००८ ची चार वर्षांच्या पोरीच्या खुनाची केस घ्या. गुन्हा असा की वाचवत नाही. राष्ट्रपतींनी अर्ज २०२३ मध्ये फेटाळला, तरी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशी बाजूला ठेवून शिक्षेची सुनावणी पुन्हा घ्यायला सांगितलं, कारण ही चौकशी झालीच नव्हती. दोषी तो राहिलाच. फक्त शिक्षा ठरवताना जे पाहायचं ते पाहिलं नव्हतं.

ज्यांचं माणूस गेलं त्यांचंही ऐका, मनापासून आणि वेळ देऊन, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या त्यांनीही झिजवल्या आहेत. त्यांना फाशीच हवी असेल तर ते समजण्यासारखं आहे, पण निर्णयाचं ओझं त्यांच्या खांद्यावर टाकू नका, ते राज्याचं काम आहे. टीव्हीवरचा आरडाओरडा, जात, धर्म, पक्ष, जवळ आलेलं इलेक्शन, हे नोटमध्ये शिरलं की नोट बाद समजा. आंध्रच्या राज्यपालांनी एका पक्ष कार्यकर्त्याला दिलेली माफी सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये याच कारणानं रद्द केली होती.

एवढं सगळं वाचून एक जरी खरी शंका उरली, पुराव्याची, वयाची, मनाच्या आजाराची, तर माझं मत स्पष्ट आहे, जन्मठेप करा. जन्मठेपेत चूक निघाली तर दार उघडता येते.

आणि मुदती पाळा. नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४७२ प्रमाणे अपील फेटाळल्याचं जेल सुपरिंटेंडंटनं कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, तो कैद्याचे नातेवाईकही करू शकतात. राज्यपालांनी नाकारला तर राष्ट्रपतींकडे साठ दिवसांत. राष्ट्रपतींचा निर्णय अठ्ठेचाळीस तासांत राज्याच्या गृहखात्याला आणि जेलला गेला पाहिजे. नकार असेल तर कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवा, आणि त्यानंतर फाशीपर्यंत किमान चौदा दिवस सोडा. याच चौदा दिवसांवर ३० जुलै २०१५ च्या पहाटे याकूब मेमनसाठी सुप्रीम कोर्ट उघडलं होतं, राष्ट्रपतींनी आधीचा अर्ज २०१४ मध्येच फेटाळला होता हे धरून कोर्टानं मागणी नाकारली आणि सकाळी इथं नागपुरात फाशी झाली. त्या दिवसांत कैद्याला वकील आणि फाइलमधल्या कागदांच्या प्रती मिळाल्या की नाही, हे जेलला फोन करून स्वतः विचारा.