रिफाम्पिसिनची पहिली कॅप्सूल देण्याआधी

प्लेट, रॉड किंवा कृत्रिम सांध्याभोवती स्टॅफिलोकोकस या जंतूचा संसर्ग झाला की दोन औषधांची जोडी लावायची वेळ येते, आणि त्या जोडीत बहुतेकदा रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक असते. धातूवर जंतूंचा जो चिकट थर बसतो त्यातल्या जंतूंना मारणारी औषधे मोजकीच, त्यातले हे एक. एकटे दिले तर मात्र काही दिवसांतच निकामी होते. म्हणून ते सगळ्यात शेवटी सुरू करायचे.

तयारी ऑपरेशन थिएटरपासून सुरू होते. रुग्ण स्थिर असेल तर नमुन्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवा. वाहत्या जखमेच्या तोंडावरचा स्वॅब पाठवू नका, त्यात बहुधा त्वचेवरचेच जंतू वाढतात. खोलवरचे पाच-सहा तुकडे घ्या. प्रत्येकाला वेगळे हत्यार, वेगळी निर्जंतुक डबी. बायोप्सीसाठीची फॉर्मलिनची बाटली ट्रॉलीवर शेजारीच असते. घाईत कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) तुकडा तिच्यात पडला की जंतू तिथेच मरतात आणि रिपोर्ट येतो ‘वाढ नाही’. डब्यांवर नावे चीर देण्याआधीच लिहा.

एक तुकडा सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि क्षयाच्या कल्चरसाठी बाजूला काढाच. आपल्याकडे हाडाचा क्षय दुर्मिळ नाही. तो ओळखण्याआधी रिफाम्पिसिन आणि त्याचे जोडीदार लेव्होफ्लॉक्सॅसिन, ही क्षयावरही चालणारी औषधे, सुरू झाली तर रुग्णाला थोडे बरे वाटते, निदान लांबते आणि क्षयाचे जंतूच औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

रिपोर्टमध्ये मेथिसिलिनसोबत रिफाम्पिसिन आणि जोडीदार औषध, दोन्हींची संवेदनशीलता पाहा. एरिथ्रोमायसिन चालत नाही पण क्लिंडामायसिन चालते असे दिसले तर डी-टेस्ट (क्लिंडामायसिनला लपलेला प्रतिकार दाखवणारी चाचणी) झाली आहे का ते लॅबला विचारा. जंतू मेथिसिलिनला दाद देणारा असेल तर सेफाझोलिन २ ग्रॅम दर ८ तासांनी; इथे व्हॅन्कोमायसिन कमी पडते. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, असेल तर व्हॅन्कोमायसिन, किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम, किडनी ठीक असल्यास दर ८ ते १२ तासांनी, १ ग्रॅमला किमान एक तास लावून. त्याला क्लॉक्सॅसिलिन गटातले औषध जोडायचा मोह टाळा. रक्तातल्या एमआरएसएवर अशा जोडीची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. मृत्यू कमी झाले नाहीत, किडनीची इजा मात्र वाढली.

रिफाम्पिसिन कधी? जखम नीट धुऊन मेलेले हाड काढलेले, ड्रेन निघालेले, जखम कोरडी, रक्ताचे कल्चर स्वच्छ आणि जोडीदार औषध आधीच चालू, एवढे सगळे जमल्यावर. साधारण १ ते १० कोटी जंतूंमागे एक जन्मतःच रिफाम्पिसिनला जुमानत नाही, आणि पुवाच्या पोकळीत जंतू त्याहून कितीतरी जास्त असतात. पू तसाच ठेवून औषध दिले तर तो एक जंतूच मागे उरतो. साध्या गळवाला ही जोडी नकोच; चीर देऊन पू काढणे हाच उपचार.

प्रौढांना बहुधा ३०० ते ४५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उपाशीपोटी. आधी लिव्हरच्या तपासण्या करा आणि घरच्या सगळ्या गोळ्या मागवून टेबलावर मांडा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी), गर्भनिरोधक गोळी, स्टेरॉइड, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिटची औषधे यांचा असर रिफाम्पिसिनमुळे घटतो. जोडीदार म्हणून घेतलेल्या क्लिंडामायसिनची रक्तातली पातळीही खूप खाली येते, म्हणून ती जोडी शक्यतो टाळा.

जोडीदार लेव्होफ्लॉक्सॅसिन असेल तर कॅल्शियमची गोळी त्यापासून किमान दोन तास लांब, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. फ्रॅक्चरच्या जवळपास प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीत कॅल्शियम असते आणि नर्स दोन्ही एकाच वाटीत देते, तेव्हा वेळा चार्टवर लिहाच: सकाळी सहाला रिफाम्पिसिन, सातला नाश्ता, नऊला लेव्होफ्लॉक्सॅसिन, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लेव्होफ्लॉक्सॅसिनमुळे टाचेमागची शीर (टेंडन) दुखावू शकते, म्हणून टाच दुखली की लगेच कळवायला सांगा. जोडीदार लिनेझोलिड असेल तर रक्तपेशी घटू शकतात, म्हणून दर आठवड्याला रक्तगणना, आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते बदला, दोन्ही एकत्र धोक्याची ठरू शकतात.

लघवी आणि डोळ्यांतले पाणी नारिंगी होईल हे आधीच सांगा, नाहीतर रुग्ण रक्त समजून घाबरतो आणि कॅप्सूल बंद करतो. दोन औषधांपैकी एक थांबवायची वेळ आली तर रिफाम्पिसिन कधीही एकटे मागे ठेवू नका.

कोर्स संपायची तारीख डिस्चार्ज कार्डावर टाका. वॉरफरिन घेणाऱ्याचा डोस वाढवलेला असतो. रिफाम्पिसिन थांबल्यावर दोनेक आठवड्यांत त्याचा परिणाम ओसरतो आणि तोच डोस जास्त ठरून रक्तस्राव होऊ शकतो. त्या दिवसांतल्या आयएनआरच्या (रक्त गोठण्याच्या तपासणीच्या) तारखाही त्याच कार्डावर लिहून द्या.